धातूच्या छोट्या गाड्या ऑनलाइन विकताना : नव्या विक्रेत्यासाठी मार्गदर्शन

मुलांच्या किंवा स्वतःच्याच लहानपणीच्या धातूच्या छोट्या गाड्या बुटांच्या खोक्यात घालून माळ्यावर ठेवलेल्या असतात. घराला रंग देताना किंवा जागा बदलताना तो खोका खाली येतो आणि कोणीतरी सांगते की या गाड्यांना आता चांगला भाव येतो. भाव येतो हे खरे आहे, पण तो हातात पडेपर्यंत जो मनस्ताप होतो त्याची कल्पना नव्या माणसाला नसते, आणि पहिल्या दोन-तीन व्यवहारांतच अनेकजण कंटाळून सगळा खोका कुणा व्यापाऱ्याला मिळेल त्या किमतीत देऊन मोकळे होतात. मी गेली नऊ वर्षे ठाण्यातल्या घरातून अशा गाड्या विकतो आहे. या काळात मला एक गोष्ट पुनःपुन्हा दिसली : भांडण विक्रीनंतर होते, पण त्याचे कारण बहुतेक वेळा विक्रीच्या आधी घडलेले असते. गाडीबद्दल जे सांगायला हवे होते ते सांगितलेले नसते, किंवा जे दाखवायला हवे होते ते छायाचित्रात आलेले नसते. म्हणून पुढच्या पायऱ्यांमधला मोठा भाग जाहिरात टाकण्यापूर्वीच्या कामाचा आहे.

पहिली पायरी : हातात नेमके काय आहे ते ओळखा

गाडी उलटी करा आणि तळ वाचा. भिंगाशिवाय हे काम होत नाही. घड्याळजीकडे असते तसले साधे भिंग पुरते. तळावर सहसा कंपनीचे नाव, गाडीचे नाव, देशाचे नाव आणि एखादे साल असते, आणि या सालापाशीच नवा विक्रेता सर्वांत जास्त फसतो. हॉट व्हील्सच्या, म्हणजे मॅटेल या अमेरिकी कंपनीच्या छोट्या गाड्यांच्या, तळावरचे साल हे ती विशिष्ट गाडी कारखान्यातून बाहेर पडल्याचे साल नसते, तर तो साचा नोंदवल्याचे साल असते. एकच साचा पंधरा-वीस वर्षे वापरला गेल्याची कितीतरी उदाहरणे आहेत. त्यामुळे तळावर १९७४ लिहिलेली गाडी १९९० नंतरचीही असू शकते. मी स्वतः सुरुवातीच्या काळात अशी एक गाडी ‘१९७४ची’ म्हणून विकली होती. खरेदीदाराने ती हातात घेताच चाकांवरून ओळखले की ती बरीच नंतरची आहे. त्यांनी सभ्यपणे पण ठामपणे पैसे परत मागितले, आणि त्यांचे म्हणणे शंभर टक्के बरोबर होते. मला दोन्ही बाजूंचा टपालखर्च सोसावा लागला; त्याहून जास्त लागली ती ही गोष्ट की माझ्या शब्दावर विश्वास ठेवून त्या गृहस्थांनी आठवडाभर वाट पाहिली होती.

मग काळ कसा ओळखावा? हॉट व्हील्स १९६८ साली बाजारात आल्या. १९७७ पर्यंतच्या गाड्यांच्या टायरवर बारीक लाल रेषा असे, म्हणून संग्राहक त्यांना ‘रेडलाइन’ म्हणतात. २००८ पासून तळावर एक इंग्रजी अक्षर आणि दोन अंक असा छोटा शिक्का येतो, त्यातले अक्षर वर्ष सांगते आणि अंक त्या वर्षातला आठवडा. अलीकडच्या गाड्यांसाठी हाच सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. १९९५ पासून ‘ट्रेझर हंट’ नावाची कमी संख्येने निघणारी मालिका सुरू झाली आणि २००७ पासून तिच्यात ‘सुपर’ हा वरचा प्रकार आला. आजच्या सुपर गाड्यांवर रंगकामात ‘टीएच’ ही अक्षरे लपलेली असतात, रंग झळाळता असतो आणि टायर खरोखरच्या रबराचे असतात. साध्या ट्रेझर हंटवर फक्त वर्तुळातल्या ज्वाळेचे चिन्ह असते. या दोहोंच्या किमतीत फार मोठे अंतर आहे, त्यामुळे साध्या गाडीला दुसऱ्या गाडीची रबरी चाके बसवून ती सुपर म्हणून विकण्याचे प्रकार होतात. आपण स्वतः तसे करणार नाही हे उघड आहे, पण आपल्याकडे आलेली गाडी आधीच कुणीतरी उघडलेली असू शकते. तळाचे रिव्हेट, म्हणजे तळ आणि वरचा भाग जोडणारे धातूचे खिळे, भिंगाखाली पाहा. मूळ रिव्हेटची टोके गुळगुळीत आणि अखंड असतात; ती ड्रिलने कोरलेली, चकाकणारी किंवा गोंदाने भरलेली दिसली तर गाडी उघडली गेली आहे असे समजावे आणि तसे जाहिरातीत लिहावे.

महाराष्ट्रातल्या घरांत सापडणाऱ्या गाड्यांत दोन गट विशेष महत्त्वाचे आहेत. पहिला ‘लिओ’ या नावाने भारतात बनलेल्या हॉट व्हील्सचा. व्हीआयपी बॅगांशी नाते असलेल्या ब्लो प्लास्टने मॅटेलच्या परवान्याने त्या काढल्या होत्या आणि तळावर भारताचे नाव असते. यांच्या रंगछटा परदेशी आवृत्त्यांपेक्षा वेगळ्या असल्यामुळे परदेशी संग्राहकही त्या शोधत असतात. आपल्याकडे मात्र ‘देशी म्हणजे हलकी’ या समजुतीने लोक त्या भंगाराच्या भावात देऊन टाकतात, याचे मला अजूनही वाईट वाटते. दुसरा गट त्याहून जुना, कलकत्त्याचा : ‘डिंकी’ या ब्रिटिश खेळण्यातल्या गाड्यांचे साचे आणून बनवलेल्या ‘निकी टॉइज’, आणि त्याच शहरातल्या ‘मिल्टन’ व ‘मॅक्सवेल’च्या गाड्या. यांचा मूळ खोका सोबत असेल, मग तो कितीही फाटका असो, तर तो टाकू नका. पुष्कळदा गाडीइतकेच मोल खोक्याला असते. मॅचबॉक्स या मूळच्या ब्रिटिश गाड्यांबद्दल एवढे लक्षात ठेवावे की लेस्नी कंपनीच्या काळातल्या, म्हणजे तळावर ‘लेस्नी’ आणि ‘इंग्लंड’ लिहिलेल्या गाड्या वेगळ्या काढाव्यात. १९९७ पासून हे नाव मॅटेलकडे आहे आणि नंतरच्या साध्या गाड्यांना तेवढी मागणी नाही.

दुसरी पायरी : गाडीला कमीत कमी हात लावा

जुनी गाडी चकचकीत करून विकावी हा मोह आवरा. रंगाचा टवका उडालेली पण मूळ रंगातली गाडी ही नव्याने रंगवलेल्या गाडीपेक्षा जवळजवळ नेहमीच जास्त किमतीला जाते. धूळ मऊ कोरड्या ब्रशने काढावी. मळ फारच असेल तर कोमट पाण्यात सौम्य साबणाचा एखादा थेंब घालून कापसाच्या बोळ्याने पुसावे, पण कागदी चिकटचित्रांना पाणी लागू देऊ नये आणि चाकांच्या लोखंडी आसांत पाणी राहू देऊ नये. धातूचे पॉलिश, पेट्रोल, थिनर यांपैकी काहीही वापरू नये.

कोकणपट्टीत आणि मुंबईत पावसाळ्यातला दमटपणा हा या वस्तूंचा खरा शत्रू आहे. कार्डावर असलेली, म्हणजे मूळ पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बंद असलेली गाडी जून ते सप्टेंबर उघड्यावर राहिली तर पुठ्ठा वाकतो आणि फुगा सुटू लागतो. हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्या घालून ठेवावे. सुटलेला फुगा गोंदाने परत चिकटवू नये, कारण अनुभवी खरेदीदार तो डाग लगेच ओळखतो आणि आतली गाडी बदलली असावी असा संशय घेतो. रबरी टायरच्या गाड्या प्लास्टिकला टेकवून वर्षानुवर्षे ठेवल्या तर टायर प्लास्टिकला चिकटून ते खाऊ लागतात, म्हणून मध्ये साधा कागद असावा.

तिसरी पायरी : छायाचित्रे

सकाळच्या उजेडात, खिडकीजवळ, पांढऱ्या कागदावर गाडी ठेवून छायाचित्रे घ्यावीत. फ्लॅश वापरू नये, त्याने चित्रात ओरखडे दिसेनासे होतात आणि पुढे तेच ओरखडे ‘लपवले’ म्हणून आपल्यावर येतात. पुढून, मागून, दोन्ही बाजूंनी, वरून आणि तळ अशी सहा चित्रे ही किमान गरज आहे. त्याशिवाय प्रत्येक दोषाचे जवळून वेगळे चित्र हवे. एका चित्रात शेजारी शाळेची पट्टी ठेवा. एक-चौसष्टांश मापाची गाडी साधारण सात सेंटीमीटरची असते, पण मोबाइलच्या पडद्यावर ती कितीही मोठी दिसते, आणि ‘फोटोत मोठी वाटली होती’ ही तक्रार मी इतक्यांदा ऐकली आहे की पट्टीविना जाहिरात टाकणे मी सोडून दिले आहे. आणखी एका चित्रात आपले टोपणनाव आणि तारीख लिहिलेली चिठ्ठी गाडीपाशी ठेवावी. संग्राहकांच्या गटांत ही पद्धत रूढ आहे, कारण दुसऱ्याची छायाचित्रे उचलून नसलेली गाडी विकणारे लोक तिथे फिरत असतात.

चौथी पायरी : वर्णन

वर्णनात दोष आधी आणि गुण नंतर लिहावेत, अशी माझी ठाम शिफारस आहे. ‘चांगली स्थिती’, ‘जुन्या मानाने उत्तम’ असे शब्द टाळावेत. त्यांचा अर्थ प्रत्येकाच्या डोक्यात वेगळा असतो आणि वाद झाला की ऑनलाइन बाजारपेठ तो अर्थ सहसा खरेदीदाराच्या बाजूने लावते. त्याऐवजी असे लिहावे : ‘छताच्या डाव्या कडेला तांदळाच्या दाण्याएवढा टवका, पुढचा उजवा आस किंचित वाकलेला, गाडी सरळ रेषेत चालत नाही, काच शाबूत, रिव्हेट न उघडलेले, टायर मूळचे.’ टायर, चिकटचित्र किंवा खोका नंतर बनवलेली नक्कल असेल तर तसे स्पष्ट सांगावे. डिंकी आणि तशाच ब्रिटिश ‘कॉर्गी’ गाड्यांसाठी असे सुटे भाग आजही बनून मिळतात, ते वापरण्यात गैर काही नाही, न सांगण्यात आहे. खात्री नसेल तेव्हा ‘माझ्या समजुतीप्रमाणे’ असे न लिहिता ते विधानच गाळावे आणि तळाचे चित्र द्यावे. जाणकार स्वतः निर्णय करतो.

शेवटी एक वाक्य न चुकता घालावे की ही वस्तू संग्रहासाठी आहे, लहान मुलांच्या खेळण्यासाठी नाही. ही केवळ कायद्याची पळवाट नव्हे. जुन्या रंगांत शिसे असू शकते, आणि स्वस्तात मिळाली म्हणून ती गाडी कुणी दोन वर्षांच्या मुलाच्या हातात देऊ नये.

पाचवी पायरी : भाव

जाहिरातींत मागितलेले भाव पाहून आपला भाव ठरवू नये. कुणीही कितीही मागू शकतो. ईबे या परदेशी ऑनलाइन बाजारपेठेवर झालेल्या विक्रीच गाळून पाहण्याची सोय आहे. तिथे त्याच साच्याच्या, त्याच रंगाच्या आणि त्याच स्थितीच्या गाड्या प्रत्यक्षात कितीला गेल्या ते पाहावे, आणि मग परदेशातला भाव इथे तसाच येणार नाही हे गृहीत धरावे. भारतातल्या फेसबुक गटांत जुन्या नोंदी शोधल्या तर ‘विकली गेली’ असे लिहिलेले सौदे सापडतात, ते जास्त उपयोगाचे आहेत. पुण्याच्या जुन्या बाजारात बुधवारी किंवा रविवारी, नाहीतर मुंबईच्या चोर बाजारात एक चक्कर मारली तरी कमीत कमी भाव कळतो.

आता हिशेब. समजा गाडी ६०० रुपयांना जाते. खोका, बबल रॅप आणि चिकटपट्टीचे ३५ रुपये, कुरिअरचे ९० रुपये, आणि जिथे बाजारपेठ कमिशन घेते तिथे ते वेगळे. दहा पाठवण्यांत एक जरी परत आली तरी तिचा दुहेरी खर्च उरलेल्या नऊंवर पडतो. दोनशे रुपयांच्या आतली नवी साधी गाडी या मार्गाने एकेक करून विकण्यात काहीच उरत नाही. अशा पाच-सहा गाड्यांचा एक लॉट करून विकावा. दुकानातून नव्या गाड्या उचलून छापील किमतीपेक्षा जास्त दराने विकण्याचा विचार असेल तर तो सोडा. किरकोळ व्यापाऱ्याने आवेष्टित वस्तू छापील कमाल किमतीच्या वर विकणे वैधमापन नियमांत बसत नाही. शिवाय ज्या मुलासाठी ती गाडी दुकानात टांगलेली होती त्याच्या हातून ती आपण काढून घेतो, हे मला पटत नाही.

सहावी पायरी : कुठे विकावे

ओएलएक्ससारख्या जाहिरातींच्या जागी नोंद करणे सोपे आहे, कमिशन द्यावे लागत नाही, आणि आपल्याच शहरातला माणूस भेटून वस्तू नेतो. तोटा असा की तिथे येणाऱ्या बहुतेकांना संग्रहाची वस्तू आणि खेळणे यांतला फरक ठाऊक नसतो. फेसबुकवरच्या संग्राहक-गटांत जाणकार भेटतात, पण तिथे संरक्षण काहीच नसते. सगळे परस्परांच्या लौकिकावर चालते, म्हणून प्रवेश घेतल्यावर पहिले दोन महिने फक्त वाचावे, एखाददुसरी गाडी विकत घ्यावी आणि मग विकायला उतरावे. प्रत्येक गटाचे नियम वेगळे असतात. ‘डिब्स’ लिहून गाडी आधी मागणाऱ्याचा हक्क किती तास टिकतो, पाठवणीचा खर्च कोणाचा, हे नियम वाचून घ्यावेत.

अ‍ॅमेझॉन, फ्लिपकार्ट यांसारख्या मोठ्या बाजारपेठा नव्या मालाच्या व्यापाऱ्यांसाठी उभारलेल्या आहेत आणि माळ्यावरच्या खोक्यासाठी त्या सोयीच्या नाहीत. तरीही नियमितपणे विकायचे ठरवले तर दोन नियम माहीत असावेत. १ ऑक्टोबर २०२३ पासून, जीएसटीच्या उलाढाल-मर्यादेखालच्या छोट्या विक्रेत्याला नोंदणीऐवजी नुसता नावनोंदणी क्रमांक घेऊन अशा मंचांवर माल विकता येतो, पण फक्त स्वतःच्या राज्यात. राज्याबाहेर पाठवायचे तर नोंदणी आलीच, आणि संग्राहक तर कोची ते गुवाहाटी पसरलेले आहेत. दुसरा नियम खेळण्यांच्या गुणवत्तेचा : १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांनी खेळावे अशा वस्तूंवर भारतीय मानक ब्युरोचे आयएसआय चिन्ह बंधनकारक आहे. परदेशातून मागवलेल्या गाड्यांवर ते नसते आणि खेळण्यांच्या विभागात टाकलेली अशी नोंद उतरवली जाऊ शकते. त्यातच खेळण्यांवरचे आयातशुल्क २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झाले, त्यामुळे बाहेरून आणून इथे विकण्याचे गणित नव्या माणसाने मांडूच नये.

नोंद अचानक नाहीशी होणे हा सगळ्याच मंचांवरचा अनुभव आहे. माझी एका लष्करी जीपची नोंद तीन वेळा उतरवली गेली. कारण म्हणून ‘निषिद्ध वस्तू’ एवढेच येत असे. चौकशीला यंत्राचे ठरीव उत्तर येई. शेवटी माझ्या लक्षात आले की वर्णनात ‘बंदूक’ हा शब्द होता, जीपवरच्या तांदळाएवढ्या प्लास्टिकच्या तुकड्यासाठी लिहिलेला. तो काढल्यावर नोंद टिकली. तेव्हा नोंद उतरली तर लगेच नवी टाकू नये, कारण तीच नोंद वारंवार टाकल्याने खातेच गोठण्याचा धोका असतो; आधी शब्द तपासावेत, मग छायाचित्रे.

सातवी पायरी : चौकशी, घासाघीस आणि पैसे

जाहिरात टाकताच संदेश येऊ लागतात. ‘दादा, शेवटचा भाव सांगा’, ‘अजून आहे का?’, ‘सगळ्यांचे मिळून किती?’ यांतल्या बहुतेकांना घ्यायचे नसते, हे स्वीकारल्याशिवाय हे काम मनाला लावून न घेता करता येत नाही. मी दोन ओळींचे उत्तर तयार ठेवले आहे : भाव किती, त्यात किती सूट देता येईल, पाठवणीखर्च किती आणि गाडी कुणासाठी किती वेळ राखून ठेवीन. राखून ठेवायची तर विसार घ्यावा, आणि तो कोणत्या परिस्थितीत परत मिळणार नाही हे आधी लिहून कळवावे. विसाराशिवाय राखलेल्या गाड्यांपैकी निम्म्याहून जास्त शेवटी माझ्याकडेच राहिल्या, आणि दरम्यान खरा गिऱ्हाईक दुसरीकडे गेला.

पैशांच्या बाबतीत मात्र सौम्यपणा नको. भाव न विचारता, गाडी न पाहता लगेच ‘घेतो’ म्हणणारा, स्वतःला सैन्यातला किंवा निमलष्करी दलातला सांगून ओळखपत्राचे चित्र पाठवणारा आणि ‘पैसे मिळण्यासाठी हा क्यूआर कोड स्कॅन करा’ म्हणणारा माणूस हा ठग असतो. यूपीआयमध्ये पैसे घेण्यासाठी कोड स्कॅन करावा लागत नाही आणि पिन तर कधीच टाकावा लागत नाही. पिन टाकला की पैसे जातात, येत नाहीत. घरातल्या वडीलधाऱ्यांच्या फोनवरून जाहिरात दिली असेल तर त्यांना हे बसून समजावून सांगा. पैसे आल्याचा स्क्रीनशॉट हा पुरावा नव्हे. स्वतःच्या बँकखात्यात रक्कम जमा झालेली दिसल्यावरच खोका बाहेर पडावा. फसवणूक झालीच तर १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करावा आणि सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर तक्रार नोंदवावी. पहिल्या काही तासांत रक्कम गोठवता येण्याची शक्यता सर्वांत जास्त असते.

भेटून व्यवहार करायचा तर मेट्रो किंवा रेल्वे स्थानकाच्या तिकीटखिडकीजवळ, दिवसा भेटावे. गाडी त्यांच्या हातात देऊन तळ, चाके, टवके सगळे दाखवावे आणि वर्णनातले दोष तोंडीही सांगावेत. अशा व्यवहारात माझ्याकडे आजवर एकही तक्रार आलेली नाही.

आठवी पायरी : बांधणी आणि पाठवणी

कुरिअरवाले वजन आणि आकारमान यांतले जे जास्त ते धरतात. लांबी, रुंदी आणि उंची सेंटीमीटरमध्ये गुणून ५००० ने भागले की आकारमानाचे वजन किलोत मिळते. ३० × २० × १५ च्या खोक्याचे ते १.८ किलो होते, मग आतली गाडी चाळीस ग्रॅमची का असेना. १५ × १० × ८ च्या खोक्याचे तेच पाव किलोच्या आत राहते. घरात पडलेला मोठा खोका वापरून पैसे वाचवले असे वाटते, आणि कुरिअरच्या बिलात ते निघून जातात.

सुटी गाडी आधी मऊ टिश्यू किंवा बटर पेपरमध्ये गुंडाळावी आणि त्यावर बबल रॅप. रॅप थेट रंगावर लावल्यास उन्हाळ्यात गोल ठसे उमटू शकतात. चाकांवर दाब येता कामा नये. गुंडाळलेली गाडी छोट्या डबीत आणि डबी खोक्यात, मध्ये चुरगळलेला कागद, आणि खोका हलवून पाहिल्यावर आतून आवाज येऊ नये. कार्डावरच्या गाडीसाठी पुढेमागे जाड पन्हळी पुठ्ठा, कार्डापेक्षा सर्व बाजूंनी दोन सेंटीमीटर मोठा, आणि चिकटपट्टी कार्डाला कुठेही लागू न देणे. संग्राहक कार्डाचा एक कोपरा दुमडला तरी किंमत उतरवतात, आणि त्यांच्या दृष्टीने ते रास्त आहे.

एकदा मी लिओच्या चार गाड्यांचा खोका एका कुरिअरने पाठवला. तो एका कोपऱ्यात चेपलेला पोहोचला आणि दोन गाड्यांच्या काचा तडकल्या. भरपाई मागितली तेव्हा ‘मूळ बांधणी पुरेशी नव्हती’ असे उत्तर आले, आणि ती पुरेशी होती हे दाखवायला माझ्याकडे काहीच नव्हते. खरेदीदाराला मी सगळे पैसे परत दिले. त्या दिवसापासून मी प्रत्येक बांधणीचा न थांबवता एकसलग व्हिडिओ घेतो : आधी गाडीचा तळ आणि ओळख पटेल असे टवके, मग गुंडाळणे, खोका बंद करणे, त्यावरचा पत्ता आणि वजनकाट्यावरचा आकडा. खरेदीदारालाही बंद खोका उघडतानाचा असाच व्हिडिओ घ्यायला जाहिरातीतच सांगतो. दोन हजार रुपयांवरच्या पार्सलाचा विमा उतरवावा, आणि ‘घरपोच मिळाल्यावर पैसे’ ही सोय देऊ नये. नाकारलेल्या पार्सलाचा येण्याजाण्याचा खर्च विक्रेत्याच्या गळ्यात पडतो.

परदेशी विक्रीविषयी

भारतातले ईबे संकेतस्थळ ऑगस्ट २०१८ मध्ये बंद झाले, तरी भारतातून परदेशी खरेदीदारांना ईबेच्या परदेशी संकेतस्थळांवर विकता येते. पण व्यापारी निर्यात म्हणून पाठवायचे तर आयात-निर्यात कोड लागतो, आणि पार्सलावर खरी किंमत व खेळण्यांसाठीचा ९५०३ ने सुरू होणारा वर्गीकरण क्रमांक द्यावा लागतो. खरेदीदार ‘भेटवस्तू लिहा, किंमत कमी दाखवा’ असे सुचवतात. ते खोटे निवेदन होईल, शिवाय पार्सल हरवल्यास भरपाईही त्या खोट्या किमतीचीच मिळेल. अमेरिकेने ८०० डॉलरपर्यंतच्या पार्सलांना असलेली शुल्कमाफी २९ ऑगस्ट २०२५ पासून काढून घेतली. त्या सुमारास भारतीय टपाल खात्याने अमेरिकेकडची पार्सले थांबवली आणि ती ऑक्टोबरच्या मध्यात पुन्हा सुरू केली. तेव्हा नोंद टाकण्याच्या दिवशी त्या देशाची सेवा चालू आहे का आणि शुल्क कोण भरणार, हे पाहून जाहिरातीत लिहावे. निदान वीस-पंचवीस देशी व्यवहार निर्वेध झाल्याशिवाय या वाटेला जाऊ नये, असे माझे मत आहे. वस्तू वर्णनाप्रमाणे नाही असे ठरले तर ईबेवर परतीचे टपालही विक्रेत्यानेच भरायचे असते, आणि २००८ पासून विक्रेत्याला खरेदीदाराविषयी नकारात्मक अभिप्राय देता येत नाही.

तक्रार आल्यावर

पहिला संदेश कितीही कठोर असला तरी उत्तर बाजारपेठेच्या संदेशपेटीतच द्यावे, फोनवर नाही, कारण फोनवर ठरलेले नंतर सिद्ध होत नाही. आधी छायाचित्रे आणि उघडतानाचा व्हिडिओ मागावा. त्यांनी दाखवलेला दोष आपल्या वर्णनात नसेल तर वाद घालू नये. अंशतः पैसे परत करावेत किंवा गाडी परत घ्यावी. दोष वर्णनात असेल तर त्या ओळीचे आणि त्या चित्राचे स्क्रीनशॉट पाठवावेत. परत आलेला खोका उघडतानाही व्हिडिओ घ्यावा आणि आतली गाडी आपलीच आहे का हे टवक्यांवरून व रिव्हेटवरून पडताळावे, कारण चांगली ठेवून घेऊन स्वतःकडची खराब गाडी परत पाठवणारेही असतात. दोन वर्षांपूर्वी माझ्याकडे अशी एक परत आली होती. पाठवलेल्या गाडीच्या तळावर रिव्हेटशेजारी एक बारीक चंद्रकोरीसारखा ओरखडा होता आणि परत आलेल्या गाडीवर तो नव्हता. बांधणीच्या व्हिडिओतली ती चार सेकंदे पाठवल्यावर बाजारपेठेने निकाल माझ्या बाजूने दिला.

यासाठी एक साधी वही ठेवावी : गाडीचे नाव, तळावरचा मजकूर, दोष, भाव, कोणत्या तारखेला कोणत्या सेवेने पाठवली, पावतीचा क्रमांक आणि व्हिडिओच्या फाइलचे नाव. ईबेवर खरेदीदार वस्तू मिळाल्यापासून तीस दिवसांपर्यंत तक्रार करू शकतो आणि पेपॅल या पैसे भरण्याच्या ऑनलाइन सेवेत पैसे भरल्यापासून १८० दिवसांपर्यंत, म्हणून व्हिडिओ सात महिने तरी पुसू नयेत.